उसाकडे तोंड केलेलं घर

नात्यातलं कुणी जागा घ्यायला निघालं की आधी मला फोन येतो. मी वकील नाही, बिल्डर तर त्याहून नाही. भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या आणि पुढे घेतलेला एक लहानसा फ्लॅट, एवढाच माझा जमीनजुमला. पण आमच्या घरानं एकदा जागा घेतली होती आणि ती कशी घेतली हे सगळ्या पाहुण्यांत ठाऊक आहे, त्यामुळे हिला विचारलेलं बरं असं त्यांना वाटतं. मी सातबारा बघा म्हणते, मोजणी करून घ्या म्हणते, विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या आहेत का तेही बघायला सांगते. आणि शेवटी एक सांगते. जागा एकदा उन्हाळ्यात बघा आणि एकदा दिवाळीत, ऊस उभा असताना. पलीकडून हसणं ऐकू येतं. आम्ही पुण्यात फ्लॅट बघतोय, तिथं ऊस कुठला, असं म्हणतात. हसू देत बापडे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचं गाव रहिमतपूरजवळ. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणायचे, फौजेत हवालदार होते. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली आणि पोराला शिकवून फौजेत धाडलं. पण आमचं घर होतं तिथंच राहिलं, वस्तीच्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला. जमीन नव्हतीच. वरच्या आळीतलं कुणी काम घेऊन आलं तर ते दारापर्यंत येत नसे. ओढ्याच्या पलीकडे उभं राहून हाक मारायची, आईनं बाहेर जायचं, काम ऐकून घ्यायचं. भांडण कुणाशी नव्हतं, सगळे हसून बोलायचे. फक्त दारात कुणी यायचं नाही. आईला हे फार लागायचं. ती तोंडानं काही म्हणायची नाही. हाक आली की पदर खोचून तरातरा जायची आणि परत आल्यावर भांडी जरा जोरात घासायची.

म्हणून सांगलीत जागा घ्यायची ठरली तेव्हा तिची अट एकच होती.

"घर रस्त्यावर पायजे. येणाऱ्यानं म्होरच्या दारातनं याय पायजे. आडबाजूला मला न्हाई ऱ्हायाचं."

अण्णांचं गणित वेगळं होतं. दोन खोल्या आपल्याला, दोन भाड्यानं. पेन्शनीत घर चालेल, भाड्यात माझं कॉलेज होईल. फौजेतल्या माणसाला सोनं घ्यायची भीती वाटते, शेअर-बिअर तर ऐकूनही नको असतं. जमीन तेवढी त्याला कळते असं त्याला वाटतं. सांगलीच का, तर माझा मामा तिथं हळदीच्या गोदामात नोकरीला होता आणि त्याच्या भरवशावर आई मला घेऊन शाळेसाठी सांगलीत येऊन राहिली होती. भाड्याची खोली शोधतानाचा एक प्रसंग मला स्वच्छ आठवतो. एका घरमालकिणीनं खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, तुळशीला पाणी तुम्ही घातलंत तरी चालेल म्हणाली, आणि मग सहज विचारल्यासारखं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी खोली कुणा नातलगाला द्यायची ठरली होती. आई रस्त्यानं मला म्हणाली, "बघ, एका रातीत नातलग पैदा झाला." मी हसले. ती हसली नव्हती.

अण्णांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात असे. ट्रंक, बिस्तरा आणि खिशात माझ्यासाठी कँटीनची चॉकलेटं घेऊन ते यायचे आणि पावसाला सुरुवात व्हायच्या आत परत जायचे. त्यामुळे अण्णांनी जी काही जमीन पाहिली ती भर उन्हात, नांगरून पडलेली. आपल्या भागातल्या कितीतरी फौजी लोकांनी जागा अशाच घेतल्या. सुट्टी मे महिन्यात, म्हणून खरेदीही मे महिन्यात.

दलाल पांढऱ्या कपड्यांतला, गोड बोलणारा. जीपमधून आम्हाला शहराबाहेर नेलं. आधी रसवंतीवर थांबवून आलं-लिंबू घातलेला रस पाजला. मग गाडीवाटेनं थोडं आत गेलो आणि एका मोकळ्या रानात उतरलो. नजर जाईल तिथवर काळी माती, कुठे हिरवं पान नाही. त्या मातीवर चुन्याची फक्की मारून चौकोन आखले होते, आणि गाडीवाटेपासून त्या चौकोनांपर्यंत दोन पांढऱ्या रेघा सरळ गेल्या होत्या.

"ह्यो रस्ता. तीस फुटी. आणि ह्यो तुमचा कॉर्नर, हवालदारसाहेब. दोन पैसं जास्ती जातील, पर हितं उद्या बंगलं हुतील बंगलं."

अण्णांनी दोन्ही रेघांच्या मधून लेफ्ट-राइट करत चालून पाहिलं. आईनं पाण्याचं विचारलं. विहिरीला बारमाही पाणी होतं. विजेचं विचारलं, खांब जवळच होता. रस्त्याचं कुणी काही विचारलं नाही. रस्ता तर समोर दिसत होता, आम्ही त्याच्यावर उभे होतो. आई त्या पांढऱ्या रेघेशी उभी राहिली, घराकडे पाठ करून, म्हणजे जिथं घर होणार होतं तिकडे, आणि हातानं डोळ्यांवर सावली धरून गाडीवाटेकडे बघत राहिली. कुणी येताना दिसतंय का हे बघावं तशी. मला त्या वेळी फार गंमत वाटली होती.

खरेदी झाली, अण्णा पलटणीला गेले. दिवाळीच्या सुट्टीत कडेगावची मावशी आली, तेव्हा आई तिला मोठ्या हौसेनं जागा दाखवायला घेऊन निघाली. शेव-चिवड्याचा डबाही घेतला होता, आपल्या जागेत बसून खायचा म्हणून. गाडीवाटेनं चालत आम्ही त्या ठिकाणी आलो आणि आई थांबली. पुढे गेली, माघारी आली. रान नव्हतंच. होता तो ऊस, माझ्या डोक्यावरून जाईल एवढा, गाडीवाटेला चिकटून उभा. रेघा नाहीत, चौकोन नाहीत. मावशीनं विचारलं, "तुजा कॉर्नर कुटाय गं?" आई उसाकडे बोट दाखवून म्हणाली, "आत." मावशी हसून हसून खाली बसली. मीही हसले. आईनं चिवड्याचा डबा पिशवीत परत घातला.

उसाला पाणी पाजणारा शेतकरी खोरं खांद्यावर टाकून आला. रान त्याचंच होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आमची समजूत घातली, अगदी शांतपणे. मागचा तुकडा त्यानं दलालाला विकला होता, तिथं आमचे प्लॉट होते, त्यात लबाडी नव्हती. पण मधली रस्त्याची पट्टी दलालानं घेऊ म्हटलं आणि घेतलीच नाही.

"बाई, रस्ता नकाशात हाय, ते खरं हाय. पर नकाशा त्येचा आणि रान माजं. उनाळ्यात मोकळं पडलंवतं, त्येनं फक्की मारली, मी म्हनलं मारूंदे, पावसानं जातीया. आता मी ऊस लावायचा का न्हाई?"

आम्ही तसेच दलालाकडे गेलो. दलालाच्या ऑफिसचं शटर आम्हाला पुढे कधी उघडं दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी अण्णा सुट्टीवर आले तेव्हा तो ऊस आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, असल्यानं अजून उभाच होता, दोन पुरुष उंच. अण्णा गाडीवाटेवर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. संतापानं त्यांची मान लाल झाली होती. कोर्टात खेचतो म्हणाले, एकेकाचं कोर्टमार्शल करतो म्हणाले. बाकीच्या प्लॉटवाल्यांपैकी काही जण खरंच कोर्टात गेले होते, काहींनी मिळेल त्या भावाला प्लॉट फुंकून टाकले होते. आई मात्र शेतकऱ्याशी बांधावर उभी राहून बोलत होती. आणि बोलता बोलता तिनं एक गोष्ट विचारली, जी अण्णांना किंवा वकिलाला सुचली नसती. तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक म्हणजे खोडवा, हे तिला ठाऊक होतं.

"मालक, ऊस तुटल्यावर खोडव्याला पाणी कवा सोडता?"

"पाचट पेटवायचं, बुडखं छाटायचं, खत टाकायचं. मग पाणी. का वो?"

"तवर रान वाळलेलं असतं न्हवं? तेवढ्यात आमच्या गाड्या जाऊं द्या. पाणी सोडलं की आमी वाट मागनार न्हाई."

शेतकरी विचारात पडला. मग म्हणाला, "एका कडंनं जावा. ऊस तुटला की पाणी सुटंस्तवर वाट तुमची." अण्णांनी हे स्टँपपेपरवर घेऊ असं म्हणताच तो दुखावला. आई मध्ये पडली. म्हणाली, शब्द पुरे आहे. मग तिनं विचारलं, "च्या घ्याल का? थर्मासात हाय."

"नगं. आत्ताच झालाय," तो म्हणाला आणि खोरं उचलून गेला.

आमचं घर असं बांधलं गेलं, दर हिवाळ्याला थोडं. ऊसतोड टोळी आली की आईची धांदल उडायची. टोळीच्या बैलगाड्या ऊस भरून कारखान्यावर जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. परतीच्या वाटेवर वीटभट्टी होती. आईनं गाडीवानांशी बोलून ठेवलं, येताना विटा भरून आणायच्या. असं दुसऱ्या कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. जाताना गाडीत ऊस, येताना विटा. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, पेटलेल्या पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, धूर, पायाखाली टोचणारी बुडखं आणि डोक्याला फडकं बांधून विटा रचून घेणारी आई, हा माझ्या शाळेतल्या सगळ्या हिवाळ्यांचा एकच चेहरा आहे. अजून कुठे पाचटाचा वास आला की मला भूक लागते. त्या दिवसांत आम्ही तिथंच, विटांच्या आडोशाला बसून भाकरी खायचो आणि तशी चव मला पुढे कुठल्याच जेवणाला आली नाही.

जड सामान हिवाळ्यात आत गेलं की बाकीचं वर्ष काम हळूहळू चालायचं. गवंडी बांधावरून पायी यायचा. एका सुट्टीत अण्णांच्या समोर पायाची आखणी झाली. गवंडी दोरी हातात धरून म्हणाला, "सायेब, घराचं त्वांड कुनीकडं?"

"रस्त्याकडं."

गवंड्यानं चारी बाजूंना पाहिलं. "कंच्या रस्त्याकडं?"

अण्णांनी उसाकडे बोट केलं. नकाशात रस्ता तिकडे होता, कॉर्नरचे पैसे त्यासाठी मोजले होते, आणि फौजेत नकाशा म्हणजे नकाशा. तर आमच्या घराचं तोंड उसाकडे झालं. पुढच्या बाजूला ओसरीसारखा सोपा काढला, दाराला सागवानी चौकट बसवली, चौकटीशेजारी अण्णांनी संगमरवरी पाटी लावली, नाव आणि हुद्दा कोरलेली. ती वाचायला समोर उसाशिवाय कुणी नव्हतं. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझं घर कुठाय? मी सांगायचे, उसात. त्यांना थट्टा वाटायची.

पुढे अण्णा रिटायर होऊन आले आणि आम्ही त्या घरात राहायला गेलो. भाड्याच्या खोल्या तयार होत्या, पण बांधावरून तोल सांभाळत जावं लागणाऱ्या घरात कोण राहणार? अण्णांनी चौकात बोर्ड लावला, लोक यायचे, गाडीवाटेवरूनच ऊस बघून माघारी जायचे. पहिलं बिऱ्हाड मिळालं ते नवं लग्न झालेल्या जोडप्याचं. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं, लपायला आमच्याइतकी नामी जागा साऱ्या सांगलीत नव्हती. आई त्यांचं आडनाव विचारत नाही म्हणून ती मुलगीच आईला पुन्हा पुन्हा सांगू लागली, तर आई म्हणाली, "मला काय करायचंय? नळ न्हाई, विहिरीवरनं पानी आनावं लागंल, तेवढं जमतंय का सांग." गुण्यागोविंदानं राहिली दोघं. हिवाळ्यात ऊस तुटला आणि घर एकदम उघड्यावर आलं तशी ती घाबरली आणि दुसरीकडे गेली. अण्णांना वाईट वाटलं नाही, राग आला. उसामुळे भाडेकरू येत नाही आणि ऊस गेला म्हणून भाडेकरू जातो, आता माणसानं करायचं काय, असं ते आल्यागेल्याला विचारायचे.

शेतकऱ्याशी आमचं नातं त्या साऱ्या वर्षांत चांगलंच होतं. त्यानं शब्द कधी मोडला नाही. रानात मेथी आली की बांधावर जुडी ठेवून जायचा, आई ताक द्यायला जायची तर तो म्हणायचा, आत्ताच झालंय. चहाला, आत्ताच झालाय. संक्रांतीच्या तिळगुळालाही एकदा म्हणाला, आत्ताच झालाय. आमच्या घराकडे तोंड करून पण बांधावर उभा राहून बोलायचा, सोप्याची पायरी कधी चढला नाही. त्याचा मुलगा फौजेत भरती झाला होता. तो सुट्टीवर आला की सरळ आत यायचा, अण्णांच्या शेजारी खाटेवर बसायचा, "काकी, च्या टाका" म्हणून हुकूम सोडायचा. बाप तेवढ्यात बांधावर पाणी वळवत असायचा. आईनं प्रत्येक वेळी त्याला विचारलं आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर घेतलं. मी एकदा चिडून म्हटलं, कशाला विचारतेस? आई म्हणाली, "माजं काम इचारायचं. त्येनं काय म्हनायचं ते त्येचं त्येनं बघावं." त्या दिवशी भांडी जोरात घासली गेली.

मग दशक संपत आलं आणि शहर आमच्याकडे सरकलं, पण उलट्या बाजूनं. आमच्या मागे नुसता माळ होता. तिकडून डांबरी रस्ता झाला, दिवे आले, रिक्षा फिरू लागल्या. घराची पाठ रस्त्याला आली. आम्ही मोरीशेजारची भिंत फोडून दार काढलं आणि सारी दुनिया त्या दारानं, न्हाणीच्या बाजूनं, स्वयंपाकघरातून आमच्या घरात येऊ लागली. पुढचं सागवानी दार बंद राहून राहून चौकटीत घट्ट बसलं. आईला ते फार जिव्हारी लागलं होतं. रस्त्यावरचं घर मिळालं आणि पाहुणा यायचा तो मोरीतून. बाकी सगळ्यांना आनंद होता. खोल्यांना भाडेकरू मिळाले, प्लॉटचा भाव काय झालाय हे लोक अण्णांना सांगू लागले. आमच्या कॉर्नरला एका कडेला लांबट पट्टी मोकळी होती. तिथं डांबरी रस्त्याला तोंड करून दोन गाळे काढायचे, एक मेडिकलला, एक किराण्याला, असं अण्णांनी नक्की केलं. फक्कीसुद्धा मारून झाली. इतक्या वर्षांच्या हालअपेष्टांचा मोबदला म्हणजे ते गाळे, असं ते म्हणायचे आणि खरंच होतं ते.

अशात एका सकाळी शेतकरी आला. डांबरी रस्त्यानं वळसा घालून, मोरीच्या दारानं. टोपी हातात. बराच वेळ पावसाचं बोलला, कारखान्याच्या उचलीचं बोलला, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाला की पोराला रानात घर बांधायचंय. गाडीवाटेनं ट्रक येत नाही. डांबरीवरून यायचं तर सगळ्यांनी कंपाउंड घातलीत, मोकळी आहे ती फक्त आमची कडेची पट्टी. ती वाटेला मिळाली तर तोही आमच्या घरापुढचा ऊस काढून त्या बाजूनं रस्ता सोडेल.

"तुमच्या हातात हाय, वैनी," तो म्हणाला.

अण्णा ताडकन उठले. "इतकी वर्षं आमी चिखलातनं चाललो, तवा रान तुमचं हुतं. आता पट्टी आमची हाय."

आईनं सवयीनं विचारलं, "च्या टाकू?"

"टाका की, वैनी," तो म्हणाला.

आई आत आली, तिनं पातेलं हातात घेतलं. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, हिचा आता चेहरा फुलेल. तिनं पातेलं परत फळीवर ठेवलं, पदर खोचला आणि बाहेर गेली.

"मालक, आजवर मी बाई हुते, आज वैनी झाले. आजवर च्या आत्ताच झालेला असायचा, आज न्हाई झाला. तुमाला वाट पायजे, व्हय न्हवं? मी वाट देते. च्या न्हाई देत. ज्या दिवशी तुमचं माज्याकडं काय काम नसंल त्या दिवशी या, तवा देईन."

म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली. मग मान हलवून निघून गेला. मला आईचा इतका अभिमान वाटला आणि त्या माणसाची इतकी दयाही आली, दोन्ही एकदमच.

घरात मग रणधुमाळी. अण्णा म्हणत, गाळे गेले म्हणजे पोरीच्या पुढच्या शिक्षणाचं भाडं गेलं, पट्टी काय तुझ्या माहेरची आहे? आई म्हणे, वाटेवाचून बांधलेल्या घराचं काय होतं ते मला विचारा. दोघंही खरं बोलत होती, म्हणून भांडण मिटत नव्हतं. अबोला झाला. भाकरीचं ताट अण्णांपुढे मी न्यायचे.

उन्हाळ्यात शेतकऱ्याचा मुलगा सुट्टीवर आला. खोडवा मोडून रान मोकळं झालेलं, काळी माती उघडी पडलेली. तो भर उन्हात, डोक्याला फौजी टोपी, एकटाच मातीवर फक्की टाकत घराचा चौकोन आखत होता. अण्णा मागच्या खिडकीतून, म्हणजे खरं तर पुढच्या, बघत बसले होते. बघता बघता चप्पल घालून बांधावरून त्याच्याकडे गेले. मी मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन.

"घराचं त्वांड कुनीकडं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्याकडं, काका. दुसरीकडं कुनीकडं करू?"

पोराच्या हातातली फक्कीची पाटी घेऊन अण्णांनी एक वाकडी झालेली रेघ सरळ केली. परत आले ते थेट कडेच्या पट्टीवर गेले आणि गाळ्यांच्या रेघा पायानं पुसू लागले. आई मोरीच्या दारातून बघत होती. त्या दुपारी ताट तिनं स्वतः वाढलं.

पण कागद तिनंच करायला लावला. शेतकरी म्हणाला, कागद कशाला, मी तुमाला शब्दावरच वाट दिलीवती. आई म्हणाली, "तुमी दिलेली वाट दर साली उसात जायाची. मी देते ती जायाची न्हाई. म्हनून कागद." प्लॉटवाल्यांच्या सोसायटीच्या रस्त्यासाठी कायमची जागा सोडल्याचा दस्त नोंदला गेला. आमच्या पट्टीवरून वाट निघाली, कोपऱ्यावर वळली आणि आमच्या घरापुढून त्याच्या रानात गेली. नकाशातला रस्ता शेवटी आला, दलालाच्या रेघेवरच आला, फक्त उलट्या बाजूनं. माझं पुढचं शिक्षण शिकवण्या घेऊन झालं. गाळे झाले असते तर आज काय भाव असता हे लोक मला अजून सांगतात. मी ऐकून घेते.

मुरूम पडून रस्ता पक्का झाला, मुलाचं घर जोत्यापर्यंत आलं, तो पलटणीला परत गेला. म्हातारा रोज आमच्या घरापुढून जायचा-यायचा. मान खाली घालून जायचा. आईनं त्याला चहाचं विचारणं बंद केलं होतं. मला वाटलं, संपलं आता.

एका संध्याकाळी आई नेहमीप्रमाणे मोरीच्या दाराशी बसून मेथी निवडत होती आणि पुढच्या बाजूनं दारावर थाप पडली. पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही कुठून आवाज येतोय. त्या दारावर आजवर कुणी थाप मारलीच नव्हती. बाहेरून कुणीतरी सावकाश, अडखळत पाटी वाचत होतं, अण्णांचं पूर्ण नाव, मग हुद्दा. मग हाक आली.

"हवालदारसायेब हायत का घरात?"

अण्णांनी कडी काढली, पण दार हलेना. आतून त्यांनी ओढलं, बाहेरून म्हाताऱ्यानं खांदा लावला, तेव्हा कुठे करकरत उघडलं. तो पायऱ्या चढून सोप्यावर आलेला होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. चपला पायरीच्या खाली काढून ठेवलेल्या. त्यानं आईकडे पाहिलं.

"आज काय काम न्हाई, वैनी," तो म्हणाला.

"मग बसा," आई म्हणाली आणि आत आली.

डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर घ्यायचा की पातेलं धरायचं हेही तिला सुचेना. मी मदतीला गेले तर मला तिनं कोपरानं बाजूला सारलं. साखर तिनं एकदा घातली आणि विसरून पुन्हा घातली, मी बघितलं पण बोलले नाही. कप तिनं स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली आणि प्यायला. तो चहा तोंडात धरवणार नाही इतका गोड झाला होता, मी पातेल्यातला चाखून बघितला होता. म्हाताऱ्यानं शेवटच्या घोटापर्यंत संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं,

"आनि थोडा हाय का?"